साडेबाराचा मुहूर्त

काल घरी लग्नाची पत्रिका आली. महिना मे, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. आपल्या जालन्यात सगळ्यांना माहीत आहे, १२.३५ चा मुहूर्त म्हणजे अक्षता पडायला दोन वाजणार. पत्रिका हातात घेतली आणि तात्या आठवले.

तात्या म्हणजे माझे चुलते. उभं आयुष्य मोसंबीच्या बागेत गेलेलं, त्यामुळे "ऊन आपल्याला काय करतंय" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काही वर्षांपूर्वी अंबड तालुक्यातल्या एका लग्नात ते सकाळपासून पंगतीच्या कामात होते. वर पत्रे, शेजारी आचाऱ्याच्या भट्ट्या, आणि वरात डीजेपुढून हलेना. दीडच्या सुमारास तात्या काहीबाही बडबडायला लागले. नवरदेवाला भलत्याच नावाने हाक मारली. पोरं हसली. कोणीतरी म्हणालं, "तात्यांनी आज घेतली वाटतं." तात्या माळकरी माणूस, थेंबाला कधी शिवले नाहीत. हे मला माहीत होतं. तरी मीही हसलो.

थोड्या वेळाने ते कोसळले. अंग तव्यासारखं तापलेलं. आम्ही काय केलं? भोवती गर्दी केली, नाकाला कांदा लावला, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतलं. डॉक्टर नंतर म्हणाले, उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदूवर परिणाम होतो. ती बडबड हीच खूण होती. तेव्हाच अंगावर पाणी ओतायला पाहिजे होतं.

तात्या वाचले. पण आजही चालताना तोल जातो, बोलताना जीभ अडखळते. बागेत जातात ते नातवाच्या खांद्यावर हात ठेवून.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. त्या दिवशी त्या भागात पारा ३८ च्या आसपास होता. मे महिन्यात ३८ असलं तर आपण म्हणतो, आज जरा बरंय! पण हवा दमट असली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. गच्च भरलेल्या मांडवात, भट्टीजवळ तेच होतं. नुसता पारा बघून चालत नाही.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. उन्हात कोणी असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या खायला लागलं तर हसू नका. १०८ ला फोन लावा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. मान, काखा, जांघा इथे बर्फ ठेवा. लग्नात बर्फाच्या लाद्या असतातच. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका.

आणि मुळात वेळ बदला. आपण पाहुणे कूलरपुढे बसतो. आचारी, वाढपी, बँडवाले, मांडववाले मात्र दुपारभर तापत असतात. गोरज मुहूर्त आपल्याकडे आहेच की!

पत्रिका पाठवणाऱ्या मेहुण्याला फोन करून हेच सांगितलं. तो म्हणाला, "दाजी, लोक काय म्हणतील?"

म्हटलं, "तात्यांना घेऊन येतो. त्यांनाच विचार."

तुमच्याही घरी यंदा लग्न असेल तर पत्रिका छापायच्या आधी एकदा विचार करा.