मालगुंड किती दूर?

श्रावण लागला त्या आठवड्यात मी आमच्या बैठकीच्या भिंतीवर कोकण किनाऱ्याचा एक मोठा नकाशा टाचला. त्या जागी पूर्वी वडिलांचा फोटो होता. तो शेजारच्या भिंतीवर गेला, आणि तेथून वडील त्या नकाशाकडे जरा संशयानेच पाहत असतात असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे आहे. घरी येणारा प्रत्येक मनुष्य आधी नकाशाकडे पाहतो, मग माझ्याकडे पाहतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "काय सर, कोकणात प्लॉट घेताय वाटतं?" प्लॉट नव्हे, भाऊबीज झाली की तेथे सायकलने जायचे आहे, असे मी सांगितले की तो काही वेळ गप्प बसतो आणि मग माझ्या रक्तदाबाची चौकशी करतो.

त्या बिचाऱ्याचा दोष नाही. यावलच्या माणसाचा समुद्राशी संबंध काय? आमची तापी समुद्राला मिळते खरी, पण ती सुरतेच्या बाजूला जाऊन, आम्हांला न विचारता. आमच्याकडे उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधे केळीच केळी. आईला बेत सांगितला तेव्हा ती निवडत असलेल्या डाळीवरून नजर न काढता म्हणाली, "काहाले जातो रे भाऊ इतका दूर? पानीच पाहायचं असीन तं हतनूरले जाय." हतनूरचे धरण आमच्यापासून फार लांब नाही, तेथे पाणी भरपूर आहे, आणि संध्याकाळी जेवायला घरी परत येता येते. या युक्तिवादाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

खरे कारण मी आईलाच काय, कुणालाही सांगितले नव्हते. ते असे. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि केशवसुत शिकवायची वेळ आली की नेहमी फैजपूरपासून सुरुवात करतो. मालगुंडला 1866 साली जन्मलेला हा कवी गेल्या शतकाच्या आरंभी आमच्याच तालुक्यातल्या फैजपूरला हेडमास्तर होता. 1904 साली त्याची धारवाडला बदली झाली आणि दुसऱ्याच वर्षी हुबळीत प्लेगने तो गेला. 'फैजपूर' म्हटले की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात, कारण त्यांतली निम्मी रोज फैजपूरवरून एस.टी.ने येतात. आपण जेथे शेवभाजी खातो त्या गावात मराठी कवितेला नवे वळण देणारा मनुष्य वर्गात हजेरी घेत होता, ही गोष्ट त्यांना पटायला वेळ लागतो. मग मी त्यांना फैजपुराहून मालगुंडला नेतो. माड, लाल माती, कौलारू घर, अंगणापर्यंत येणारी समुद्राची गाज. हे वर्णन मला चांगले जमते. एकोणीस वर्षांची सवय आहे.

यंदा जुलैत तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी आली आणि म्हणाली, "सर, मालगुंडच्या त्या घरातून समुद्र दिसतो का हो?"

प्रश्न साधा होता. आणि मी ताबडतोब म्हणालो, "दिसतो की!"

मी मालगुंडला कधीही गेलेलो नाही. मी मुंबईची चौपाटी पाहिली आहे, एकदा शैक्षणिक सहलीबरोबर अलिबागला जाऊन मुले मोजत बसलो आहे, आणि समुद्राविषयी मला जे काही ठाऊक आहे ते मराठीच्या अभ्यासक्रमातून. त्या मुलीने माझे उत्तर वहीत लिहून घेतले. ते लिहिताना पाहून मला जे वाटले त्यातून हा नकाशा भिंतीवर आला.

आता तुम्ही म्हणाल, मग रेल्वेने रत्नागिरीला जा, रिक्षा करा, घर पाहा आणि परत या. 1998 पासून कोकण रेल्वे आहे ती कशाला? म्हणणे रास्त आहे. पण एवढी वर्षे खोटे बोलल्यावर रिक्षाने जाऊन सुटका करून घेणे मला फार स्वस्त वाटले. शिवाय मनात एक जुना हिशेब होता. कोकणाने खानदेशाला मास्तर पुरवले. फैजपूरला केशवसुत आले, अमळनेरच्या शाळेत पालगडचे साने गुरुजी आले. त्या बदल्यात खानदेशाने एक तरी मराठीचा मास्तर परत पाठवावा, आणि तो जरा घाम गाळत जावा, अशी माझी कल्पना.

पहिला बेत थेट रेडीपर्यंतचा होता. रेवस ते रेडी, अख्खा किनारा! रजेचा अर्ज लिहायला बसलो तेव्हा रेडी गेले, सौभाग्यवतींनी नकाशा पाहिला तेव्हा मालवण गेले, आणि माझ्या गुडघ्याने विजयदुर्ग नेला. उरले ते रेवस ते मालगुंड, सुमारे तीनशे किलोमीटर. तीनशे हा आकडा ऐकून मी खूश झालो होतो. आमच्याकडच्या सपाट रस्त्यावर रोज चाळीस किलोमीटर म्हणजे काहीच नव्हे. पण नकाशा जवळून पाहू लागलो तसे कळत गेले की किनारा किलोमीटरांनी मोजताच येत नाही, तो खाड्यांनी मोजावा लागतो. रस्ता चांगला सरळ चाललेला असतो आणि एकदम पाण्यात जातो. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच. अलिबाग, रेवदंडा, मुरूड-जंजिरा करून आगरदांड्याला पोचलो की दिघीला जायला तर. श्रीवर्धन, हरिहरेश्वर संपले की बागमांडल्याहून वेसवीला तर. केळशी, आंजर्ले, हर्णै, मग दाभोळहून धोपाव्याला तर. गुहागर, हेदवी, आणि शेवटी तवसाळहून जयगडला तर. त्यानंतर मालगुंड. पलीकडचे गाव डोळ्यांना दिसत असते, पण फेरीबोट आपल्या वेळेने येणार. चुकली तर खाडीला वळसा घालून जायचे, आणि एका सायकलस्वाराचा एक दिवस त्या वळशातच जायचा. आमच्याकडे नदी आडवी आली तर पूल असतो, आणि पूल नसला तर आठ महिने नदीत पाणीच नसते! या सगळ्या खाड्यांवर पूल बांधून सागरी महामार्ग जोडायचा, हे अंतुल्यांच्या काळापासून चालले आहे आणि आता कामाला वेग येतो आहे म्हणतात. गावकऱ्यांची मोठी सोय होईल. मला मात्र त्याआधी एकदा धक्क्यावर सायकल टेकवून बोटीची वाट पाहायची आहे.

या तयारीत सर्वांत उपयोगी पडली ती आई, तीही इच्छेविरुद्ध. ओहोटीच्या वेळी ओली वाळू घट्ट असते आणि तिच्यावरून सायकल चालवता येते, असे कळल्यापासून दापोलीच्या मुरूडहून कर्द्याकडे वाळूवरून जायचे, हे मी ठरवूनच टाकले होते. पण ओहोटी केव्हा? कोकणातल्या एका स्नेह्याने फोनवर कोळ्यांचा हिशेब सांगितला. तिथीला पाऊणने गुणावे, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहा वाजता भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. मी हा हिशेब मोठ्याने करत होतो तो आईने स्वयंपाकघरातून ऐकला आणि कालनिर्णय घेऊन बाहेर आली. तृतीयेला रात्री भुसावळहून गाडी, चतुर्थीला रेवस, असे बोटे मोजत तिने मला अष्टमीला मुरुडात आणून सोडले. ओहोटी भर दुपारी बाराला. त्यात स्नेही म्हणाला की अष्टमीला भांगाची भरती, उधाणासारखे पाणी लांब हटत नाही, वाळू बेताचीच मिळेल. आईला याचे काही नव्हते. तिचे बोट पुढे सरकत एकादशीवर थांबले होते. "कार्तिकीले तू कुठी असशीन?" मी म्हणालो, मालगुंडला. पंढरपूर सोडून कार्तिकी एकादशीला हा कोठल्या गावी चालला, हे तिला अजून उमगलेले नाही, पण उपासाचे लाडू तिने आपण होऊन कबूल केले.

सायकल वडिलांची. ते प्राथमिक शिक्षक होते आणि बदली होईल त्या गावाला या काळ्या अ‍ॅटलासवरून गेले. आमच्या सायकलवाल्या चाचांनी तिची कटोरी, फ्रीव्हील, चेन सगळे उलगडून पाहिले आणि म्हणाले, "सर, चढाचं सोडा, चढावर उतरून ढकलाल. उताराचं बोला. हे दांड्याचे ब्रेक आहेत." त्यांनी नवे रबर बसवून दिले आणि प्रत्येक उतारावर आपली आठवण काढायला सांगितले. जाता जाता एक गोष्ट सांगतो. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो 3 जून 2020 रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी. आणि त्याच दिवशी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला सुपारीच्या बागा आडव्या केल्या. मे-जूनच्या वावटळीत केळीची बाग झोपलेली पाहणे काय असते ते आम्हांला माहीत आहे. पण केळी वर्ष-दीड वर्षात पुन्हा उभी राहते, सुपारीला कितीतरी वर्षे लागतात. दिवेआगरला थांबायचे ते यासाठी. बागा किती वर आल्या ते पाहायचे आहे.

इथवर सगळे ठीक होते. बेत माझा एकट्याचा होता, आणि खरे सांगायचे तर त्यातला 'एकट्याचा' हाच भाग मला फार आवडत होता. एकटा मनुष्य, वडिलांची सायकल, समोर समुद्र! गणपतीच्या दिवसांत एका रात्री जेवताना आमची मुलगी म्हणाली, "बाबा, मी पण येते."

ती सतरा वर्षांची आहे, अकरावीला. दहावी झाल्यावर मामाने दिलेली गिअरची सायकल तिच्यापाशी आहे आणि पंक्चर ती माझ्यापेक्षा चांगले काढते. मी हसून म्हणालो, "तू अजून लहान आहेस." त्यावर तिने पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचे नाव काढले. 2018 साली विसाव्या वर्षी 159 दिवसांत सुमारे 29,000 किलोमीटर, पृथ्वीप्रदक्षिणा, तीही बहुतेक एकटीने. "आणि स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटलं, ते?" सौभाग्यवती ताडकन म्हणाल्या. मायलेकींनी ही हकीकत वेगवेगळ्या हेतूंनी वाचली होती हे उघड होते. मी न्यायाधीशासारखा भात कालवत राहिलो आणि अखेर म्हणालो, मी आधी जाऊन येतो, सगळे पाहून येतो, मग तुला नीट सांगतो, पुढे बघू.

"म्हणजे तुम्ही बघणार आणि मला येऊन सांगणार," ती म्हणाली. "मग मी तुमच्या वर्गातच बसते की."

तिला त्या मालगुंडच्या प्रश्नाची काही कल्पना नव्हती. पण मला घास गिळवेना.

रात्री नकाशापाशी उभा राहिलो. दापोलीजवळच्या मुरुडावर माझीच लाल खूण होती. अण्णासाहेब कर्व्यांचे ते गाव. 1875 साली, सतरा वर्षांचे असताना, सहावीच्या परीक्षेसाठी ते मित्रांबरोबर तेथून साताऱ्यापर्यंत शंभरावर मैल डोंगरातून पायी गेले, आणि वय भरत असूनही चणीने लहान दिसतात म्हणून परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे 1916 साली त्यांनी मुलींसाठी विद्यापीठ काढले. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो, आणि 'लहान दिसतो म्हणून' या शब्दांपाशी जरा थांबतो, म्हणजे मुलांना राग येतो.

दुसऱ्या रविवारी पहाटे आम्ही दोघे सरावाला म्हणून पालच्या घाटाकडे निघालो. फैजपूरपर्यंत मी पुढे होतो. सातपुड्याचा चढ लागला तशी ती गिअर बदलून निघून गेली. मी उतरलो आणि चाचांचे भाकीत खरे करत सायकल ढकलू लागलो. तिसऱ्या वळणावर ती दगडावर बसून केळे खात होती. तिने दुसरे केळे माझ्यापुढे केले आणि म्हणाली, "बाबा, उतारावर मात्र तुम्ही माझ्या मागं राहा. तुमच्या ब्रेकवर माझा विश्वास नाही." येताना मी मागे राहिलो. फैजपूरला चहाला थांबलो तेव्हा तिला त्या मुलीच्या प्रश्नाची हकीकत सांगितली. ती खूप हसली. मग म्हणाली, "पण तिला आधी सांगून टाका ना, की माहीत नाही म्हणून. घर बघून आल्यावर सांगणं सोपंच आहे."

सोमवारी सांगितले. त्या मुलीने वही उघडली, एक ओळ खोडली आणि तेथे प्रश्नचिन्ह काढले. "दिसला तर कळवा सर," ती म्हणाली.

सौभाग्यवतींचा होकार यायला आणखी बारा दिवस लागले. अटी सात आहेत. त्यांतली पहिली अशी की अंधार पडायच्या आत मुक्काम, आणि शेवटची अशी की पुढच्या वर्षी उरलेले मालवण आणि रेडी मोटारीने, सर्वांनी. त्या सगळ्या मी मान्य केल्या.

परवा भुसावळला जाऊन सायकली गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून नेण्याची चौकशी केली. खिडकीतल्या गृहस्थांनी वजन विचारले, पुढचा दिवा काढून ठेवा म्हणाले, तासभर आधी या म्हणाले.

"सायकल एकच ना?"

"दोन," मी म्हणालो.

"मग पावत्या दोन होतील," असे म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.