कॅम्परच्या टपावरची होडी

उन्हाळ्यात कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात महामार्गालगत थोडा वेळ उभे राहिले, तर टपावर उलटी होडी बांधून उत्तरेकडे निघालेली एखादी तरी गाडी दिसतेच. या होडीला तिथे कनू म्हणतात. दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, ना शीड ना इंजिन. सुट्या वल्ह्याने पाणी मागे सारायचे आणि पुढे जायचे. मागच्या जुलैत मिसिसागाला भाईजानकडे आम्ही मुलांसह तीन आठवडे होतो. त्यांच्या कॅम्परच्या टपावरही अशीच एक सोळा फुटी हिरवी कनू होती. कॅम्पर म्हणजे आत झोपायची जागा, दोन शेगड्यांचा ओटा, छोटा फ्रीज आणि पाण्याची टाकी असलेली व्हॅन. ही गाडी घेऊन आम्ही अल्गॉन्क्विन पार्कला निघालो. मुले भाचीच्या गाडीत मागून येत होती.

तलावाकाठी कनू भाड्याने मिळते, मग घरून का न्यायची, असे आम्ही भाईजानना विचारलेच. ते म्हणाले, "भाड्याच्या होडीत घड्याळ बसलेले असते." याचा अर्थ पुढे दोन दिवसांत कळत गेला.

तयारीला मात्र खरोखर वेळ लागतो. कनूचे वजन सुमारे 27 किलो. दोघांनी उचलून ती व्हॅनच्या टपावरील आडव्या दांड्यांवर पालथी ठेवायची, दोन रुंद पट्टे आवळायचे आणि पुढच्या-मागच्या टोकांना दोऱ्या लावून त्या गाडीच्या खालच्या हुकांना बांधायच्या. पट्टा सपाट ठेवला तर वेगात वारा लागून तो भोंग्यासारखा वाजतो, म्हणून त्याला एक पीळ द्यायचा. एवढ्या साध्या युक्तीने तीन तासांची डोकेदुखी वाचते. टप उंच असलेल्या मोठ्या मोटरहोमवर होडी चढवणे मात्र कठीण. तसले लोक ती मागून ओढायच्या गाड्यावर नेतात. भाईजान पन्नास-साठ किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून गाठी तपासतात. आम्ही बॅरीजवळ थांबलो तेव्हा एक पट्टा बोटभर सैल झालाच होता.

मिसिसागाहून पार्कचे पश्चिम प्रवेशद्वार पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. आम्ही शाफई असल्याने वाटेत जुहर आणि असर कसर करून एकत्र अदा केल्या. किब्ला तिथे ईशान्येला. आयुष्यभर मावळतीकडे तोंड करून नमाज पढणाऱ्या आमच्या धाकट्याने तीनदा खात्री करून घेतली.

अल्गॉन्क्विन पार्क 1893 मध्ये स्थापन झाला. क्षेत्रफळ साधारण 7,600 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा थोडे कमी. त्यात दोन हजारांहून जास्त तलाव. महामार्ग क्रमांक 60 मात्र पार्कच्या दक्षिण भागातून केवळ 56 किलोमीटर जातो. गाडीवाल्याला तेवढेच पार्क दिसते. बाकीचे सारे पाण्याच्या वाटेने. दोन तलावांच्या मध्ये जमीन आली की होडी डोक्यावर घेऊन चालायचे; या पायवाटेला फ्रेंच शब्दावरून पोर्टेज म्हणतात. कनूच्या मधोमध एक आडवे लाकूड असते, ते दोन्ही खांद्यांवर टेकवायचे. त्याचे इंग्रजी नाव योक, आणि आपल्या भाषेत सांगायचे तर ते बैलाचे जूच.

ही होडी मूळची तिथल्या आदिवासींची. अल्गॉन्क्विन हे त्यांच्यातल्याच एका समाजाचे नाव. बर्च झाडाची साल झाडांच्या मुळ्यांनी शिवून, शिवण राळेने बुजवून ते कनू बनवत. खिळा नाही. हे ऐकताना इब्ने बतूता आठवले. चौदाव्या शतकात त्यांनी आपल्या अरबी समुद्रातल्या, नारळाच्या काथ्याने शिवलेल्या जहाजांबद्दल लिहिले आहे. एवढ्या दूरच्या दोन लोकांना लाकूड शिवण्याची बुद्धी अल्लाहतआलाने दिली, याचे आम्हाला नवल वाटत राहिले.

आमच्या भाभी बाणकोट खाडीकाठच्या. वडील तांडेल, घरात सतत जाळी आणि वल्ही. भाभी दहा वर्षांच्या असताना त्यांचे मोठे भाऊ भरतीच्या वेळी खाडीत बुडाले, आणि आईने मुलींना पाण्याकडे फिरकू दिले नाही. कॅनडात बावीस वर्षे झाली, नवऱ्याची होडी टपावर आली, पण भाभी नेहमी काठावर खुर्ची टाकून बसत. या वेळीही बसणार होत्या. भाचीने आग्रह केला नाही, तेच बरे झाले. पाण्याच्या भीतीची चेष्टा करू नये. तिथे नव्याने आलेली आपली कितीतरी कुटुंबे पोहता येत नसताना उत्साहाने तलावात उतरतात, आणि त्यांची भीती भाभींपेक्षा कमी असते हाच खरा धोका.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर पाणी आरशासारखे स्थिर होते. वर धुके, आणि पलीकडून लून पक्ष्याची लांबलचक साद. तिथल्या एक डॉलरच्या नाण्यावर हाच पक्षी आहे. भाभी चहाचा पेला ठेवून म्हणाल्या, "आज मीही येते. पण काठाकाठाने."

मग नियम सुरू झाले. कायद्याने होडीत प्रत्येकामागे एक लाइफजॅकेट, शिट्टी आणि किमान 15 मीटरची तरंगणारी दोरी लागते. लाइफजॅकेट सोबत असले की कायदा भागतो, पण भाईजान ते अंगावर घातल्याशिवाय कुणालाच बसू देत नाहीत. भाभींनी बुरखा गाडीत ठेवून गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, सलवार आणि पिन लावून घट्ट बांधलेला स्कार्फ घातला. होडी उलटली तर लांब सैल कपडा पायात गुरफटतो. आपल्या भगिनींनी हे जरूर लक्षात ठेवावे. होडीत चढताना दोन्ही काठ धरून, वाकून, एकेकाने पाऊल मधोमध टाकायचे. उलटलीच तर होडी सोडून पोहत निघायचे नाही, तिलाच धरून राहायचे.

भाभी पुढे गुडघ्यांवर बसल्या, सफरची दुआ पढल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग वल्हे पाण्यात घातले. मागे भाची दिशा सांभाळत होती. काठावरून आम्ही पाहत होतो. शंभर-दीडशे फुटांवर गेल्यावर भाभींचे वल्हे भाचीपेक्षा सरळ पडू लागले. वडिलांना पाहून डोळ्यांत राहिलेले ते असेल. वळणापलीकडे त्या दिसेनाशा झाल्या तेव्हा भाईजान दोनदा उठले, दोनदा बसले. पाऊण तासाने होडी परत आली. भाभी उतरल्या, ओल्या सलवारीनेच दगडावर बसल्या आणि भावाचे नाव घेऊन रडल्या. कुणी काही विचारले नाही. मुलांनाही कळले असावे, ती चुळबूळ न करता उभी होती.

त्या दिवशी घड्याळ लावून होडी परत करायची असती तर हे झाले नसते, एवढे आम्हाला कळले.

दुपारी वारा सुटला की होडी काढायची नाही, हा तिथला शिरस्ता. त्या वेळात बिर्याणी झाली. खाण्याची प्रत्येक वस्तू, टूथपेस्टसुद्धा, रात्री गाडीत बंद ठेवावी लागते, कारण अस्वले वासावर येतात. तंबूवाल्यांना ही मोठी कटकट, कॅम्परवाल्यांना फक्त दार लावायचे. मग्रिब नऊच्या पुढे आणि इशा त्याहून खूप उशिरा, त्यामुळे मुले इशाआधीच पेंगत होती.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी मुक्कामाची जागा आधी राखून ठेवावी. आरक्षण पाच महिने आधी खुले होते आणि शनिवार-रविवार लवकर भरतात. निघताना होडी पालथी करून पाणी काढायचे, चिकटलेले शेवाळ-पाने पुसायची. 2022 पासून ऑन्टारियोत हा कायदाच आहे, कारण झेब्रा शिंपल्यांसारखे परके जीव अशा होड्यांबरोबर एका तलावातून दुसऱ्यात जातात. पुसायचे काम भाभींनी कुणाला करू दिले नाही. पुढच्या उन्हाळ्यासाठी त्यांनी भाईजानना एक हलके, आपल्या मापाचे वल्हे आणायला सांगितले आहे.