चार बोटे पाणी

मुंबई सोडून बंगळुरूच्या एका रुग्णालयात रुजू होताना त्या भूलतज्ज्ञ डॉक्टरने सामान ट्रकने पाठवले, मोटार मात्र स्वतः चालवत नेली. मोटार म्हणजे सेकंडहँड फोर्ड मस्टँग जीटी. पाच लिटरचे व्ही-८ इंजिन, कागदोपत्री ३९५ अश्वशक्ती. भारतात हे मॉडेल २०१६ पासून काही वर्षे विकले गेले. तिच्या दहा वर्षांच्या बचतीचा मोठा भाग त्यात गेला होता, आणि एवढ्या पैशांत साताऱ्यात काय काय आले असते याची यादी नातेवाइकांनी तिला अनेकदा ऐकवली होती. वडील मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. एस.टी.च्या कार्यशाळेत आयुष्य गेलेल्या त्या माणसाने बॉनेट उघडून आठ सिलिंडरकडे बराच वेळ पाहिले आणि "तेल वेळेवर बदल" एवढेच सांगितले.

बंगळुरूत आल्यावर मोटार थोडी सुस्त वाटू लागली. पहाटे नंदी हिल्सकडे जाणाऱ्या तिच्यासारख्याच हौशी चालकांचे निदान ठरलेले होते: कंपनीचा कागदी एअर फिल्टर इंजिनाचा श्वास कोंडतो, तो काढून तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर बसवावा. धुऊन पुन्हा वापरता येतो, अश्वशक्ती वाढते, इंधनही वाचते. कागदी फिल्टरच्या कित्येक पट किंमत देऊन तिने तो घेतला. पहिल्याच फेरीत इंजिनाचा आवाज किंचित खोल आला आणि मोटार पूर्वीसारखी उसळल्याचा भास झाला.

भास हा शब्द तिचाच. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्णाचा चेहरा गुलाबी दिसतो म्हणून ऑक्सिजन पुरेसा आहे, असे भूलतज्ज्ञ मानत नाही. तो मॉनिटरकडे पाहतो. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, हे कोणत्याही मोटारसायकलवाल्याला ठाऊक असते, फक्त ते स्वतःबद्दल कबूल करणे कठीण जाते.

मोजण्याचे साधन तिच्या हाताशीच होते. सलाईनच्या पारदर्शक नळीचा तिने इंग्रजी यू अक्षरासारखा बाक केला, त्यात रंगीत पाणी भरले, एक टोक फिल्टरच्या मागे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, हवेच्या डब्याला जोडले आणि दुसरे मोकळे ठेवले. इंजिन हवा ओढू लागले की डब्यातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत फरक पडतो. तो फरक म्हणजेच हवेच्या वाटेतला अडथळा. श्वासोच्छ्वासाच्या यंत्रातील दाब सेंटिमीटर पाण्यात मोजण्याची तिला रोजची सवय. रस्त्यावर असले प्रयोग धोक्याचे, म्हणून मोटार एका गॅरेजमधील डायनोच्या रोलरवर चढवून पूर्ण थ्रॉटलवर चालवली गेली.

कागदी फिल्टर असताना पाण्यात साधारण एक वीत फरक पडला. सुती फिल्टर बसवल्यावर तो चार बोटांनी कमी झाला. म्हणजे जाहिरात खोटी नव्हती. नवा फिल्टर खरोखरच मोकळा होता. प्रश्न होता तो त्या चार बोटांच्या किमतीचा.

समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हा स्तंभ सव्वानऊ मीटरच्या आसपास भरतो. मुंबई सोडताना ती एक मीटरहून अधिक पाणी मागे ठेवून आली होती. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद त्यात किती वजनाची हवा शिरते यावर अवलंबून असते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, आणि हवाच विरळ असेल तर संगणक इंधनही तेवढेच कमी सोडतो. बंगळुरूची हवा थंड असल्याने थोडी भरपाई होते, तरीही ३० ते ३५ अश्वशक्ती घाट चढतानाच गळून पडतात. मोटार सुस्त वाटत होती ती खरीच सुस्त झाली होती. फक्त दोष फिल्टरचा नव्हता, दख्खनच्या पठाराचा होता.

चार बोटे म्हणजे सुमारे सात सेंटिमीटर. सव्वानऊ मीटरमध्ये ते सुमारे पाऊण टक्का भरतात, म्हणजे जेमतेम तीन अश्वशक्ती. डायनोवर तोच फिल्टर ठेवून लागोपाठ केलेल्या दोन फेऱ्यांतच याहून जास्त फरक पडत होता, कारण प्रत्येक फेरीगणिक इंजिन तापत होते.

त्या तापण्याचा हिशेब केल्यामुळे तिची आणखी एक खरेदी टळली. मित्रांचा पुढचा सल्ला होता हवेचा डबाच काढून उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावण्याचा. आता सिल्क बोर्डच्या कोंडीत बॉनेटखालची हवा ६० अंश आणि बाहेरची ३० अंश धरली, तर ती गरम हवा सुमारे नऊ टक्क्यांनी विरळ असते. नीट आडोसा न करता बसवलेला शंकू अशा वेळी तीच हवा ओढतो. मोटार वेगात असताना ताजी हवा आत येते हे खरे, पण बंगळुरूत वेगात असण्याचे क्षण किती? कंपनीचा कुरूप प्लास्टिकचा डबा पुढच्या जाळीतून थंड हवा घेतो, आणि तेच त्याचे मोठे काम आहे.

इंधन वाचण्याच्या दाव्याला तर जुना इतिहास आहे. कार्ब्युरेटरच्या काळात फिल्टर चोंदला की मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढे आणि मोटार जास्त पिई. आजची इंजिने हवा मोजून इंधन सोडतात. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम चोंदवलेले फिल्टर लावून आधुनिक मोटारी तपासल्या, तेव्हा इंधनाच्या खर्चात दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. वेग घेण्याची क्षमता मात्र काही टक्क्यांनी घटली. कारण साधे आहे. रोजच्या चालवण्यात थ्रॉटल अर्धवट मिटलेलाच असतो, म्हणजे चालक स्वतःच हवा अडवत असतो. फिल्टरने थोडी अडवली, तर पाय नकळत थोडा अधिक दाबला जातो, इतकेच. चोंदलेल्या फिल्टरचीच जर ही कथा, तर स्वच्छ कागदाऐवजी स्वच्छ सूत लावून पेट्रोल कसे वाचणार?

येथवर हा हिशेब फक्त पैसे वाया गेल्याचा होता. साताऱ्याला फोन केला तेव्हा त्याला दुसरी बाजू मिळाली.

"अण्णा, तीन अश्वशक्ती वाढली असेल फार तर."

"वाढली असंल. पण पोरी, तू फिल्टरच्या पुढंच बघत बसलीयस. मागं बोट फिरवून बघ."

जुन्या बसगाड्यांत तेलाच्या भांड्याचे फिल्टर असत. हवा तेलावरून वळे, धूळ तेलात बसे. ते भांडे भरले आहे की नाही यापेक्षा त्याच्या मागची नळी कोरडी आणि स्वच्छ आहे की नाही, हे अण्णा आधी पाहत. फिल्टरने काय अडवले हे फिल्टर दाखवतो. काय सोडले हे त्याच्या मागची नळी दाखवते.

फिल्टर म्हणजे चाळण नव्हे, हे महामारीनंतर समजावणे सोपे झाले आहे. एन-९५ मास्कच्या तंतूंमधल्या फटी तो अडवत असलेल्या कणांपेक्षा पुष्कळ मोठ्या असतात. जड कण हवेबरोबर वळू शकत नाहीत म्हणून तंतूवर आदळतात, अगदी बारीक कण भरकटत जाऊन तंतूला चिकटतात आणि दोन्हींच्या मधले, सुमारे ०.३ मायक्रॉनचे, सर्वांत जास्त निसटतात. सुती जाळीचे तंतू विरळ असतात, म्हणूनच हवा मोकळी वाहते. कणांना धरण्याचे काम तेलाच्या चिकटपणावर सोपवलेले असते. दाट कागदाला हवा कमी अडवायची असेल तर घड्या वाढवून क्षेत्रफळ वाढवावे लागते, आणि कंपन्या तेच करतात. आणखी एक गंमत अशी की वापरात मळलेला फिल्टर नव्यापेक्षा चांगले गाळतो, कारण साचलेली धूळच नव्या धुळीला अडवते. प्रत्येक सर्व्हिसिंगला फिल्टर काढून 'हवा मारून' देणारे मेकॅनिक हे विसरतात, आणि त्या झोतात कागद फाटला तर तेही कोणाच्या लक्षात येत नाही.

आता आकड्यांची फसगत. ९९ टक्के आणि ९७ टक्के यांत ग्राहकाला दोन टक्क्यांचा फरक दिसतो. इंजिनाला तिप्पट फरक दिसतो, कारण त्याच्या वाट्याला पहिल्यात शंभरातला एक भाग येतो, दुसऱ्यात तीन. दहा हजार किलोमीटर, लिटरला सात किलोमीटर धरले तर सुमारे १,४३० लिटर पेट्रोल, म्हणजे साडेपंधरा टन हवा. बंगळुरूच्या उंचीवर ती साडेचौदा हजार घनमीटर होते. एक प्रौढ माणूस साडेतीन वर्षांत श्वासावाटे एवढी हवा घेतो. घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम धूळ धरली, जी भारतात मोठ्या धूलिकणांसाठी चोवीस तासांची मान्य मर्यादा आहे, तर दीड ग्रॅम धूळ फिल्टरच्या दारात येते. त्यातील १५ मिलिग्रॅम आत जावे की ४५, एवढाच प्रश्न. ऐकायला क्षुल्लक. पण रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्झ असतो, तो पोलादाहून कठीण आहे, आणि पिस्टनच्या कड्यांखालची तेलाची फिल्म काही मायक्रॉनच जाड असते. शिवाय कच्च्या रस्त्यावर ट्रकच्या मागे मोटार चालवली की १०० मायक्रोग्रॅमचा आकडा हास्यास्पद ठरतो.

बंगळुरूत ज्या रस्त्याला मेट्रोचे किंवा उड्डाणपुलाचे खोदकाम नाही, तो रस्ता शोधावा लागतो. पाच हजार किलोमीटरनंतर तिने फिल्टरच्या मागच्या नळीतून बोट फिरवले. बोटावर तांबूस चिकट थर आला. तो फिल्टरचेच तेल असेल, अशी शंका कोणीही घेईल; तिनेही घेतली. म्हणून तो थर काचपट्टीवर पसरून तिने पॅथॉलॉजीतील सहकाऱ्याकडे नेला. गाउटच्या रुग्णांच्या सांध्यातले स्फटिक शोधण्यासाठी तेथे ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक असतो. अशा प्रकाशात तेल काळे राहते, क्वार्ट्झ मात्र उजळतो. काळ्या पार्श्वभूमीवर टोकदार कण लखलखत होते. काही लांब सुती तंतूही चमकत होते, पण ते वेगळे ओळखू येतात. कित्येक कण तांबड्या रक्तपेशीपेक्षा मोठे होते, म्हणजे आठ-दहा मायक्रॉनच्या वर. त्यानंतर नळी पुसून कागदी फिल्टरवर तितकेच अंतर चालवले. कण याही वेळी सापडले, पण शोधावे लागले.

एका मोटारीच्या दोन नमुन्यांवरून सिद्धान्त उभा राहत नाही. पावसाळा मध्ये आला होता, रस्ते बदलले होते. सुती फिल्टर पहिल्यांदा बसवताना तेल कमी लागले असेल, हेही शक्य आहे. जास्त लावले असते तर ते हवा मोजणाऱ्या तापलेल्या तारेवर बसून संगणकाला चुकीचे माप देण्याचा धोका होता. नेमके किती तेल, हे घरगुती धुलाईत ज्याने त्याने अंदाजाने ठरवायचे असते, आणि ही त्या फिल्टरची खरी अडचण आहे.

शर्यतीच्या मैदानावर गणित वेगळे असते. तेथे एका फेरीतला अंशमात्र सेकंद मोलाचा असतो, ट्रॅक झाडलेला असतो आणि इंजिन उघडून दुरुस्त करण्याचा दिवस आधीच ठरलेला असतो. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर जायचे ठरले, तर तीन अश्वशक्तीसाठी सुती फिल्टर बसवण्यात वावगे काही नाही, असे तिचे मत आहे. तो फिल्टर तिने फेकलेला नाही. धुऊन, सुकवून, डब्यात घालून कपाटावर ठेवला आहे. कंपनीच्या कागदी फिल्टरचे दोन नवे नग मात्र ती घरात शिल्लक ठेवते.

दिवाळीत ती मोटार घेऊन साताऱ्याला गेली. घाट उतरून आलेली नसल्याने अश्वशक्ती फार परतलेली नव्हती. सातारा तरी कुठे समुद्रकाठी आहे? अण्णांनी चहा होण्याआधीच बॉनेट उघडायला लावले. डब्याचे झाकण काढले, फिल्टर न पाहता बाजूला ठेवला, नळीत बोट घातले आणि बाहेर काढून ते आपल्या पांढऱ्या धोतराच्या सोग्याला पुसले. सोगा उजेडात धरून पाहिला. मग आत वळून म्हणाले, "चहा आण गं."