हातोडी शोधता शोधता

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावर नॉर्विचची गाडी पकडली की दीडेक तासात डिस नावाचे छोटे स्थानक लागते. तिथून आठ किलोमीटरवर सफोक परगण्यातले हॉक्सन गाव आहे. आजूबाजूला सपाट शेतजमीन आणि अर्ध्या मैलावर वेव्हनी नदी. गावातल्या गोल्डब्रुक पुलाची एक कहाणी सांगतात. सन 869 मध्ये डेन आक्रमकांना चुकवून पळणारा राजा एडमंड या पुलाखाली लपला होता. त्याच्या बुटांना लावलेल्या सोन्याच्या आरा पाण्यात चमकल्या, त्या एका नवविवाहित जोडप्याने पाहिल्या आणि राजा पकडला गेला. तेव्हापासून लग्नाला निघालेली जोडपी हा पूल टाळत, असे म्हणतात.

ही झाली दंतकथा. पण हॉक्सनच्या मातीत खरोखरचे सोने होते आणि ते सापडले एका हरवलेल्या हातोडीमुळे!

नोव्हेंबर 1992 मध्ये पीटर व्हॉटलिंग या शेतकऱ्याची हातोडी शेतात कुठेतरी पडली. त्यांचे मित्र एरिक लॉज यांच्याकडे निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेला मेटल डिटेक्टर होता. 16 तारखेला ते हातोडी शोधायला आले. यंत्र वाजू लागले. मातीतून चांदीचे चमचे निघाले, मग दागिने, मग नाणीच नाणी. अशा वेळी कोणाचाही हात थांबणार नाही. लॉज मात्र थोडे बाहेर काढून थांबले आणि त्यांनी अधिकाऱ्यांना कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी गाजावाजा न करता जागा खणली आणि मातीचे ढेकळे तशीच्या तशी उचलून नेली.

त्या थांबण्याचे मोल पुढे कळले. पेटीचे लाकूड केव्हाच मातीला मिळाले होते, पण बिजागऱ्या आणि चांदीची चिमुकली कुलुपे जागच्या जागी होती. कोणती वस्तू कोणत्या कप्प्यात, कशाशेजारी ठेवली होती, हे त्यावरून सांगता आले. एकूण 14,865 नाणी निघाली, त्यांत 569 सोन्याची. सर्वांत अलीकडची नाणी सन 407-408 ची, म्हणजे रोमन सत्ता ब्रिटनमधून उठत होती त्या धामधुमीची. एका सोन्याच्या कंकणावर ज्युलियाना नावाच्या बाईसाठी शुभेच्छा कोरली आहे. तिच्या घरच्यांनी हे सारे पुरले आणि न्यायला कोणी परतले नाही, इतकाच काय तो अंदाज करायचा.

आज इंग्लंडमध्ये या छंदाला मोठा जोर आहे. पीक निघाले आणि पुढची पेरणी व्हायची आहे, अशा दिवसांत शेतकऱ्याची परवानगी घेऊन मंडळी रानात उतरतात. त्यांच्या कमरेला एक दांडका लटकलेला दिसतो. लांबी जेमतेम वीतभर, रंग बहुधा भडक केशरी, टोक निमुळते. दुरून पाहणाऱ्याला गाजरच वाटावे! हा पिनपॉइंटर. मोठ्या डिटेक्टरची तबकडी थाळीएवढी असते. 'इथे खाली कुठेतरी धातू आहे,' एवढेच ती सांगते. नेमके कुठे, हे सांगायचे काम पिनपॉइंटरचे. त्याच्या टोकात तारेचे छोटे वेटोळे असते. ते चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि धातू जवळ आला की त्या क्षेत्रात होणारा फरक ओळखते. वस्तू जितकी जवळ, तितकी पिपाणी घाईने वाजते आणि मूठ थरथरते. त्याची नजर चार बोटांपलीकडे फारशी जात नाही, पण तेवढी पुरते.

आधी गवताचे ढेकूळ एका बाजूने कापून झाकणासारखे उलटायचे. मग पिनपॉइंटर त्या ढेकळावर फिरवायचा, मग खड्ड्याच्या तळाशी, मग कडांवर. बऱ्याचदा वस्तू कडेतच अडकलेली असते आणि घाईतली कुदळ नेमकी तिच्यावर बसते. दीड हजार वर्षे टिकलेले नाणे अशा एका घावाने वाकते. पिनपॉइंटर हातात असला की कुदळ बाजूला राहते आणि माती बोटांनी मोकळी करता येते. निघते काय? दहांतल्या नऊ वेळा खिळा, काडतुसाचे बूड किंवा शीतपेयाच्या डब्याची कडी. खड्डा पुन्हा बुजवून गवत दाबायचे, हा शिरस्ता.

हे यंत्र जागा दाखवते, थांबायला मात्र शिकवत नाही. 2015 मध्ये हेरफर्डशायरमध्ये दोघांना व्हायकिंगांच्या काळातला ठेवा सापडला. त्यांनी तो लपवला आणि गुपचूप विकायला काढला. 2019 मध्ये दोघेही तुरुंगात गेले. सुमारे 300 नाणी असावीत असा अंदाज होता, त्यांतली थोडीच हाती लागली. त्यांपैकी काही नाण्यांवर वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ हे दोन राजे शेजारी शेजारी, बरोबरीने बसलेले आहेत. इतिहासात एकट्या आल्फ्रेडचाच डंका वाजला होता! उरलेली नाणी आणखी काय सांगती, कोण जाणे.

तिथल्या 1996 च्या कायद्याने असा ठेवा चौदा दिवसांत कळवावा लागतो. संग्रहालयाने तो घेतला, तर शोधणारा आणि जमीनमालक यांना मोबदला मिळतो. आपल्याकडचा निखात निधी कायदा 1878 चा. जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर कलेक्टरला कळवणे त्यात बंधनकारक आहे. संरक्षित गडकिल्ल्यांवर परवानगीशिवाय खणणे हाही गुन्हाच. पिनपॉइंटर घेऊन सहलीला निघणाऱ्या हौशी वीरांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

हॉक्सनचा ठेवा आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिथे भारतीय पाहुण्याने एका वस्तूसाठी जरूर थांबावे. एका रोमन स्त्रीच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची ती चांदीची मिरपूडदाणी आहे. अशा चार दाण्या या ठेव्यात निघाल्या. आणि मिरी कुठली? समुद्रापार गेलेली, आपल्या मलबार किनाऱ्याची!

लॉज यांना साडेसतरा लाख पौंड मोबदला मिळाला. कायद्याने गरज नसताना त्यांनी तो व्हॉटलिंग यांच्याबरोबर वाटून घेतला. ती हातोडीही सापडली, पण शेतावर परतली नाही. तीही आता ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.