पस्तीस, एक पॉइंट आठ

निकॉनची ३५ एमएम एफ १.८ जी डीएक्स लेन्स फेब्रुवारी २००९ मध्ये जाहीर झाली. तेव्हा अमेरिकेत किंमत २०० डॉलरच्या आसपास होती; वजन साधारण २०० ग्रॅम. दिवसभर गळ्यात असली तरी मान दुखत नाही.

*

‘नॉर्मल म्हणजे पन्नास’ हे गणित फिल्मच्या ३६ बाय २४ मिलिमीटर फ्रेमवर बेतलेलं. डीएक्स सेन्सर लहान, दीडचा क्रॉप. त्यावर पन्नासची पंच्याहत्तर होते. भिंतीला पाठ टेकली तरी खोलीतली चार माणसं मावत नाहीत. पस्तीसची होते साडेबावन्न.

*

निकॉनच्याच डी४० आणि डी६० या बॉडींत फोकसची मोटरच नव्हती. त्यांच्यावर ५० एमएम १.८ डी लावली की फोकस हातानं करायचा. पस्तीसची मोटर लेन्सच्या पोटातच. नवशिक्याला परवडणारी आणि कमी उजेडातही आपणहून फोकस करणारी लेन्स अशी मिळाली. एवढ्या एका कारणासाठीही मी तिला मोठी मानतो.

*

१८-५५ किट लेन्स ३५वर आणली की अ‍ॅपर्चर साडेचारच्या आसपास अडतं. १.८ला जवळजवळ सहापट उजेड येतो, म्हणजे एक दशांश सेकंदाचा शटर एक साठांशावर जातो. देवघरात आरती ओवाळणारा हात आता फराटा न होता हातासारखा दिसतो, आणि चेहऱ्यावर समईचाच उजेड राहतो. फ्लॅश मारला की तो गेलाच.

*

दोषही आहेत. पूर्ण उघडी ठेवून स्टीलच्या तांब्याचा काठ टिपा: फोकसच्या पुढच्या भागात जांभळी कड, मागच्या भागात हिरवी. २.८वर ती बरीच ओसरते. सरळ रेषा थोड्या बाहेर फुगतात, तेव्हा दाराची चौकट फ्रेमच्या अगदी कडेला घेऊ नये. हाताची थरथर सावरणारी व्हीआरची सोय नाही.

*

जवळात जवळ ३० सेंटिमीटर. मुंगीचे डोळे हिच्याकडे मागू नयेत. तळहातावरची मेंदी मात्र फ्रेमभर येते.

*

जुनी घेताना आधी ‘डीएक्स’ ही अक्षरं बघावीत. याच आकड्यांची फुल फ्रेमची लेन्स २०१४ मध्ये आली, ती वेगळी आणि बरीच महाग. मग माउंटभोवतीची रबरी कड शाबूत आहे ना ते पाहावं. मागून टॉर्च मारून बुरशीही तपासावी, विशेषतः लेन्सनं मुंबई-कोकणातले पावसाळे काढले असतील तर. फिल्टर ५२चा, जुन्या १८-५५चा घरात असेल तर तोच बसतो.