आप्पांचा कान आणि माझा सेन्सर

आमचं छोटं वर्कशॉप बेळगावच्या उद्यमबागेत आहे. दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि तीस वर्षं त्यांच्यात वावरणारे आप्पा. लहानपणी मी शाळेतून थेट तिथंच जायची. आप्पा पाठमोरे असले तरी लेथचा आवाज जरा बदलला की म्हणायचे, "पट्टा सैल पडलाय." बघावं तर खरंच सैल असायचा.

गेल्या वर्षी जुन्या लेथवरचा माल परत येऊ लागला. फिनिश खराब. आप्पांनी कारागिराला दोष दिला. बारा वर्षांचा माणूस, एवढंच म्हणाला, "मालक, लोड आला की मशीन दबतंय." "मग मला ऐकू येत नाही होय?" आप्पा तडकले. घरी टीव्हीचा आवाज वाढत चालला होता, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. बोलत कुणी नव्हतं. कारागीर दुसरीकडं काम बघतोय असंही कळलं.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. म्हटलं, वाद नको, मोजूनच बघू. लेथच्या काळ्या पुलीवर चमकत्या टेपचा एक तुकडा चिकटवला आणि समोर सेन्सर बसवला. त्यातला इन्फ्रारेड एलईडी प्रकाश टाकतो, शेजारचा फोटोट्रान्झिस्टर परत आलेला प्रकाश टिपतो. टेप समोरून गेली की एक पल्स, म्हणजे एक फेरा. सेकंदाचे पल्स गुणिले 60, की झाला आरपीएम. मोजायला आर्डुइनो.

लेथ सुरू केला. आकडा आला 6000.

आप्पा हसले. "एवढ्यानं फिरला तर चक छपरातून जाईल गं. बंद कर बघू." लेथ थांबला. आकडा तसाच, 6000. मला रडू यायचं बाकी होतं. आप्पांनी मात्र वर बघितलं आणि ट्यूबलाइटचं बटण बंद केलं. आकडा शून्य!

"माझ्या उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ते म्हणाले, "ट्यूबखाली फिरतं चक कधी कधी थांबल्यासारखं दिसतं, हात घालू नको. ट्यूब लुकलुकते, आपल्याला कळत नाही एवढंच." तेव्हा माझी ट्यूब पेटली. आपली वीज 50 हर्ट्झची, चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. 100 गुणिले 60, बरोबर 6000. मी पुलीचे नाही, ट्यूबचे फेरे मोजत होते.

सेन्सरभोवती काळ्या कागदाची नळी केली. मोजणीही बदलली. सेकंदाचे पल्स मोजले तर एका पल्सच्या फरकानं आकडा 60 नं हलतो. म्हणून दोन पल्समधला वेळ मोजला. मग कारागिरालाच जॉब लावायला सांगितलं. टूल लागलं तेव्हा मोटरच्या शाफ्टवर 1450. लेथची पुली मोटरच्या पुलीच्या दुप्पट, म्हणजे तिथं साधारण 725 यायला हवे. आले 630, तेही वरखाली होत. मोटर ठीक होती. पट्टा घसरत होता.

वर्कशॉपमध्ये कुणीच काही बोललं नाही. आप्पांनी पट्ट्याच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवलं. झिजून काचेसारखी गुळगुळीत झाली होती. त्यांनी स्वतः नवीन पट्टा आणून चढवला. आकडा 722 वर स्थिर झाला. मग ते कारागिराला म्हणाले, "तू बरोबर होतास बाबा. चुकलं माझं." आणि तिघांचा चहा सांगितला.

कारागीर आजही आमच्याकडंच आहे. सेन्सर लेथवर कायमचा बसलाय, काळ्या नळीसकट.

त्या संध्याकाळी घरी येताना गाडीवर मागं बसून आप्पा म्हणाले, "उद्या कानाच्या डॉक्टरकडं जाऊन येऊ की. याचं पण माप एकदा घेऊन टाकू."