वर्तुळातले स्थानक

सुटीत बेळगावला आले की काका मला राजहंसगडावर नेत. वर बसून म्हणत, "एकदा यॉर्कशायरचे तीन डोंगर दाखवीन!"

गेल्या मे महिन्यात मी लीड्सला त्यांच्याकडे गेलो. हृदयविकाराच्या झटक्याला जेमतेम वर्ष झाले होते, तरी टेबलावर नकाशा पसरलेलाच! हॉर्टनहून निघायचे, पेनिगेंट (६९४ मीटर), व्हर्नसाइड (७३६), इंगलबरो (७२३) करून पुन्हा हॉर्टन. सुमारे ३९ किलोमीटर, बारा तासांत.

"नकाशात ओढे आहेत, मग पाण्याचे ओझे कशाला?" मी विचारले.

काका हसले. "अरे, हा चुनखडीचा मुलूख. वाहता ओढा जमिनीत गडप होतो. इंगलबरोच्या अंगावरच्या गेपिंग गिलमध्ये तर जवळजवळ शंभर मीटर खाली कोसळतो."

मग पहिल्या डोंगरापलीकडच्या रिबलहेड स्थानकावर त्यांनी तांबडी खूण केली. तिथून हॉर्टनला आगगाडी मिळते.

"मी इथून परतेन," नकाशावरची नजर न काढता ते म्हणाले. "तू मात्र वर्तुळ पुरे कर."

मी वेळापत्रक पुढे ओढले आणि वहीत लिहिले : रिबलहेड ते हॉर्टन, तिकिटे दोन.